नावाखालची कोयरी

आष्ट्याच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या गाड्याला लागून एक अरुंद जिना वर जातो. तो चढून गेलं की डाव्या हाताची पहिली खोली आसिया शिकलगारची. खोली कसली, दोन टेबलं नि एक कपाट ठेवल्यावर माणसानं अंग चोरूनच वावरायचं. दारावर पाटी आहे, 'आसिया आर्टवर्क', आणि खाली बारीक अक्षरात, 'स्क्रीन प्रिंटिंगच्या फाइली करून मिळतील'. ती पाटी वाचून महिन्यातून एखादा तरी माणूस सातबाऱ्याची नाहीतर कोर्टाची फाइल काखेत मारून वर येतो. आसिया त्याला बसायला सांगते, पाणी देते आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे धाडते.

तिचं वय चौतीस. अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. काम करताना नाक पार स्क्रीनला टेकेल इतकी पुढं वाकून बसते. लग्नाच्या पिशव्या, पत्रिका, बस्त्याच्या थैल्या यांची किती आर्टवर्क तिच्या हातून गेली याचा हिशेब नाही, पण तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला, की ती मान वर न करता म्हणते, "ती फाइल अजून फायनल झाली न्हाई."

तिचे वडील याकूबभाई कोयत्याला, विळ्याला, शिंप्याच्या कात्रीला धार लावतात. ऊसतोडीच्या दिवसांत त्यांच्या दारात कोयत्यांचा ढीग पडलेला असतो. आसिया बारावीनंतर सांगलीला कॉम्प्युटरच्या कोर्सला गेली आणि तिथंच एका फ्लेक्सच्या दुकानात चिकटली. पाच वर्षं तिनं वाढदिवसाचे फ्लेक्स केले. गॉगल लावलेले भाऊ, हात जोडलेले दादा, मागं सूर्य, पुढं सिंह. फ्लेक्सच्या मशीनला काहीही चालायचं. फोटो टाका, ढग टाका, अक्षरांवर सोनं चढवा, मशीन मुकाट छापून देणार.

एके दिवशी त्या दुकानात ज्ञानू लोहार आला. सांगलीतच त्याची पत्र्याची शेड आहे, तिथं तो नि त्याची बायको बनाबाई हातानं स्क्रीन प्रिंटिंग करतात. कबड्डीच्या एका संघाच्या टी-शर्टांसाठी आसियानं केलेलं वाघाचं तोंड त्याच्या हातात होतं. त्यानं तो कागद तिच्या टेबलावर ठेवला.

"ताई, वाघ झ्याक हाय. पर ह्यो फोटो हाय. माझ्या जाळीतनं फोटो जात न्हाई, रेघ जाती."

"म्हंजे?"

"म्हंजे रविवारी शेडला या. सांगून कळायचं न्हाई."

ती गेली. ज्ञानूनं तिला लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी दाखवली. जाळीवर एक हिरवट लेप दिलेला. त्यावर काळ्या चित्राचा पातळ कागद ठेवून उन्हात धरायचं. ऊन लागलेला लेप घट्ट बसतो, आणि काळ्याखाली झाकलेला तेवढा पाण्यानं धुऊन निघतो. मग त्या मोकळ्या जाळीतून रबराच्या पट्टीनं शाई ओढली, की खाली कापडावर चित्र. हे सगळं बघताना आसियाच्या ध्यानात आलं की इथं अर्धवट काळं असं काही नसतं. भोक आहे नाहीतर नाही. तिच्या वाघाच्या मिशा धुरकट होत्या, म्हणून जाळीत त्यांचा नुसता डाग पडला होता.

त्या दिवसापासून तिला फ्लेक्समध्ये गोडी राहिली नाही. संध्याकाळी दुकान रिकामं झालं की ती तोच वाघ पुन्हा काढायला बसायची. फोटोचे ठिपके नकोत, रेघ हवी. कॉम्प्युटरवर रेघ अशी काढतात, की इथं एक बिंदू, तिथं एक बिंदू, आणि मधून दोरा ताणल्यासारखी वळणदार रेषा. बिंदू जास्त झाले की रेघ थरथरते, कमी झाले की वळण मरतं. ती रेघ नखाएवढी करा, नाहीतर गाडीवर लावायच्या फलकाएवढी करा, कडा तेवढीच स्वच्छ राहते. पहिल्या वाघाला तिला अकरा दिवस लागले. ज्ञानूनं तो छापला आणि टी-शर्ट तिच्याकडे पाठवून दिला. अजून कपाटात आहे.

याकूबभाई एकदा सांगलीला आले, तेव्हा त्यांनी मागं उभं राहून तिचं काम बघितलं. ती एका अक्षराची कड मोठी करून एकेक बिंदू काढून टाकत होती.

"हे काय करतीस गं?"

"कड साफ करतीया, अब्बा."

"म्हंजे तू बी धारच लावतीस की," ते म्हणाले, आणि भलतेच खूश होऊन नमाजाला गेले.

पुढं तिनं फ्लेक्सचं दुकान सोडलं, आष्ट्याला खोली घेतली. सांगली, आष्टा, शिराळा या पट्ट्यातल्या छापणाऱ्यांच्या फाइली तिच्याकडे येऊ लागल्या. हळदीची पोती, गुळाचे खोके, तालमीचे बनियन, पतसंस्थेच्या पिशव्या. लोक फोनवरून अंधुक फोटो पाठवायचे नि म्हणायचे, एवढंच छापायचंय. आसिया तो फोटो खाली ठेवून वरून सगळं नव्यानं काढायची, रंग वेगळे करायची, प्रत्येक रंगाचा वेगळा कागद निघेल अशी फाइल बांधायची आणि मेल करायची. चुका कमी. तिचा तसा लौकिकच होता. ज्ञानू म्हणायचा, आसियाची फाइल आली की डोळं झाकून छापायची.

गेल्या वैशाखात नेमकं तेच झालं. त्यानं डोळे झाकून छापली.

शिराळ्याकडचे जोतिबा खोत, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं लग्न. मुलीचं नाव सृष्टी, नवऱ्याचं विश्वजीत. आहेर म्हणून पाहुण्यांना द्यायच्या साडेचारशे कापडी पिशव्या. मळकट पांढऱ्या मांजरपाटावर लाल मरून रंगात वरवधूंची नावं, ठसठशीत, चांगली वीतभर रुंद. आसियानं काम चोख केलं. अक्षरं टाइप केली, जुळवली आणि शेवटी ती कर्व्ह करून टाकली. कर्व्ह करायचं म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची नुसती रेघांची आकृती करायची. मग ती फाइल कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडली तरी अक्षर हलत नाही. हे तिचं पहिलं नि शेवटचं पथ्य. मराठी फॉन्टचा भरवसा नाही. एकाच नावाचा फॉन्ट दोघांकडे दोन तऱ्हेचा निघतो.

फाइल तयार झाली, तिचा फोटो तिनं जोतिबांना पाठवला आणि त्यांचा फोन आला.

"आवं बाई, तुमी कुमारी सृष्टी लिवलंय. आमच्यात लग्नाला कुमारी लिवत न्हाईत. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. पुरं न्हाई, थोडक्यात लिवा, पर तेच लिवा."

"करते की, मामा. दोन मिंटं."

त्या दिवशी लाइट अकराला जाणार होती आणि घड्याळात अकराला पाच कमी. तिनं ती ओळ पुसली, पुन्हा टाइप केली, 'चि. सौ. कां. सृष्टी', जागेवर बसवली, मेल केली. मेल गेली आणि पंखा थांबला. आसियानं कपाळाचा घाम पुसला आणि खाली चहाला गेली. बाकी सगळं कर्व्ह होतं. तेवढी एक ओळ राहिली.

लग्न रविवारी. गुरुवारी सकाळी आसिया दुसऱ्या कामासाठी सांगलीला गेली होती, म्हटलं जाता जाता ज्ञानूदादाची शेड बघू. शेडमध्ये आडव्या-उभ्या दोऱ्यांवर पिशव्याच पिशव्या वाळत टांगलेल्या. मरून रंग कापडावर असा खुलला होता की तिला मनापासून बरं वाटलं. बनाबाईनं चहा आणला. आसिया कप घेऊन दोऱ्यांमधून हिंडू लागली आणि तिसऱ्या दोरीपाशी थबकली.

पिशवीवर लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. सष्टी'.

तिला वाटलं, एखाद्या पिशवीत शाई कमी पडली असेल. तिनं पुढची बघितली. सष्टी. त्याच्या पुढची. सष्टी. सगळ्या दोऱ्यांवर ओळीनं सष्टी, सष्टी, सष्टी. हातातला कप तिनं खाली ठेवला तो नेमका लाल शाईच्या डब्यावर.

ज्ञानू आला. त्यानंही बघितलं. तोंडातली सुपारी चघळायचा तो थांबला.

"आगाऽऽ. स च्या खालचा आकडा कुठं गेला?"

दोघं कॉम्प्युटरपाशी गेले. उलगडा व्हायला वेळ लागला नाही. ज्ञानूकडं त्याच नावाचा फॉन्ट होता, पण जुना. त्यात बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी होती, फक्त त्या खालच्या चिन्हाची जागा रिकामी. सगळी ओळ बिघडली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं. एवढंच एक चिन्ह गेलं, म्हणून कुणालाच दिसलं नाही.

"माझी चूक हाय, दादा. मी कर्व्ह केलंच न्हाई."

"आन मी काय डोळं गहाण ठिवलं हुतं व्हय? साडेचारशे येळा पट्टी वडली मी." ज्ञानूनं डोकं खाजवलं, मग आवाज खाली आणला. "एक सांगू का? गप बसायचं. पिशवीत नारळ न टावेल पडला की नाव कोण वाचतंय?"

"जिचं नाव हाय ती वाचंल की."

आसियानं जोतिबांना फोन लावला. तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, नावात चूक झालीय, माझ्याकडनं झालीय, पिशव्या छापून झाल्यात, मी सांगलीला ज्ञानूदादाच्या शेडमध्येच आहे. जोतिबा म्हणाले, "आमी सांगलीतच हाय. पोरीचं बलाऊज आणाय आलोय. थांबा तितंच. हलायचं न्हाई."

अर्ध्या तासात बापलेक शेडच्या दारात. जोतिबा ताठ, मिशा वळलेल्या, बुटाला पॉलिश. मागं सृष्टी, हातात शिंप्याच्या दुकानाची कागदी पिशवी. जोतिबांनी एक पिशवी दोरीवरून काढली, बंदूक तपासावी तशी हात लांब करून धरली, चष्मा वर-खाली केला.

"सष्टी," त्यांनी वाचलं. "लगीन हाय का चंपाषष्ठी?"

सृष्टीनं ओठ दाबून धरले, पण तिला ते जमलं नाही. ती खुदकन हसली. मग बनाबाई हसली. जोतिबांनी दोघींकडं असं बघितलं की बनाबाई तोंडाला पदर लावून भांडी विसळायला निघून गेली.

"दुसऱ्या पिशव्या छापा," जोतिबा म्हणाले.

"कापड हाय, शिवलेल्या पिशव्या न्हाईत, मामा," ज्ञानू म्हणाला. "बचत गटाच्या बाया शिवून देत्यात. आठ दिस लागत्यात."

"मग ह्याच उलट्या करा. आतली बाजू भाईर."

"शिवण भाईर यील. पिशवीची पोटली दिसंल."

जोतिबा येरझाऱ्या घालू लागले. आसिया इतका वेळ एका पिशवीकडं बघत उभी होती. ती म्हणाली, "मामा, मला अर्धा तास द्या. जमलं तर ह्याच पिशव्या दुरुस्त करते. न्हाई जमलं तर तुमी म्हणशीला तसं."

तिचा पहिला विचार साधा होता. गेलंय ते चिन्हच तेवढं पुन्हा छापायचं. त्या एका चिन्हाची जाळी करायची आणि प्रत्येक पिशवीवर स च्या खाली ठेवून शाई ओढायची. तिनं ते चिन्ह पातळ कागदावर काढून घेतलं आणि पहिल्या पिशवीवर ठेवून बघितलं. बरोबर बसलं. कागद तसाच त्याच मापानं दुसऱ्या पिशवीवर ठेवला, तर चिन्ह स च्या दांडीपासून दोन सूत बाजूला. तिसरीवर अक्षरात घुसलं. चौथीवर लोंबकळत राहिलं. शिवलेली पिशवी हातानं पाटावर टाकतात. कधी वर बसते, कधी तिरकी. एकरंगी कामात तेवढा फरक कुणाला कळत नाही. पण वरून चिन्ह जोडायचं म्हटलं की दर पिशवीला ते वेगळीकडं जाणार. मूळ चुकीपेक्षा ही दुरुस्ती जास्त ओंगळ दिसली असती.

"न्हाई जमत," ज्ञानू म्हणाला.

"थांब दादा." तिचं लक्ष स च्या उभ्या दांडीकडं होतं. जाडजूड दांडी, बोटाएवढी. तिनं मनाशी मोजलं. मग विचारलं, "ह्याच मरूनवर तोच मरून चढला तर दिसंल का?"

"वाळल्यावर? न्हाई दिसायचा. रंगात रंग जातोय."

"मग चिन्हाला वर देठ काढायचा. लांब. आन दांडीपेक्षा बारीक. देठ दांडीच्या पोटात जाऊन बसंल. पिशवी थोडी हिकडं-तिकडं झाली तरी देठ दांडीतच ऱ्हाईल. वर सरकला तरी आत, खाली सरकला तरी जोडलेलाच."

ज्ञानूनं पिशवी हातात घेतली. "आन खालचं चिन्ह? ते तर कमी-जास्त लोंबणारच की."

हा पेच खरा होता. अक्षराचं चिन्ह एका जागी शोभतं. कधी लांब कधी आखूड दिसलं की डोळ्याला खुपतं. आसिया विचार करत इकडं तिकडं बघत होती. सृष्टी कंटाळून कागदी पिशवीतून ब्लाउज काढून बाह्या निरखत बसली होती. हिरव्या बाहीवर जरीच्या कोयऱ्या भरलेल्या. एक कोयरी वळून खाली लोंबलेली, शेपूट आत मुरडलेलं.

"ताई, जरा दावता का ते?"

आसियानं बाही हातात घेतली, फिरवली, तिरपी केली. कोयरीचा बाक आणि त्या चिन्हाचा बाक सख्ख्या बहिणींसारखा. ती तडक कॉम्प्युटरवर जाऊन बसली. देठ, देठाला बाक, बाकाची कोयरी, कोयरीच्या पोटात एक मोकळं टपोरं बी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक बिंदू वाढवला, दोन काढले. अक्षराचं चिन्ह लांबी बदलली की चुकल्यासारखं दिसतं. फांदीला लटकलेली कोयरी थोडी वर काय नि थोडी खाली काय, लटकलेलीच दिसते. तिनं कागद काढला आणि चार वेगवेगळ्या पिशव्यांवर ठेवून दाखवला. चारही ठिकाणी सृष्टी. चारही ठिकाणी वाटावं, मुद्दाम काढलीय.

सृष्टी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "अगं बाई! माझ्या नावाला दागिना!"

जोतिबांनी मिशीवरून हात फिरवला. "दिसतंय खरं चांगलं. पर नवऱ्याच्या नावाखाली बी एक काढा. त्येंचं पाव्हणं म्हणतील, एकीकडंच का?"

"त्यांच्या नावाखाली काढली तर त्यांचं नाव बिघडंल, मामा. व खाली ते चिन्ह लागलं की वृ हुतं. विश्वजीत राहणार न्हाई, भलतंच कायतरी वाचतील."

"ऱ्हाऊ द्या," सृष्टी म्हणाली. "त्यास्नी पायजे आसंल तर त्येंनी त्येंच्या पिशव्या छापाव्यात."

यावर मात्र जोतिबाही हसले.

मग शेडमध्ये एकच गडबड उडाली. आसियानं फाइल कर्व्ह केली. मग ज्ञानूच्या देखत पुन्हा तपासली. मग कागद पिशवीवर ठेवून बनाबाईला वाचायला लावलं. बनाबाई चौथीपर्यंत शिकलेली, तिनं बोट ठेवून 'सृष्टी' असं मोठ्यानं वाचलं तेव्हा कुठं आसियाचं समाधान झालं. लेप दिलेली जाळी तयार होतीच. ज्ञानूनं चित्राचा कागद चिकटवला आणि जाळी अंगणात उन्हात नेऊन आकडे मोजायला सुरुवात केली. वैशाखाचं ऊन, जास्त ठेवली तर लेप जळतो. जोतिबा शेजारी उभे राहून घड्याळ लावून मोजत होते. दोघांचे आकडे जुळेनात, म्हणून दोघांचं थोडं वाजलंही. ज्ञानूनं आपल्या आकड्यावर जाळी उचलली, पाण्याखाली धरली, आणि हिरव्या लेपातून एक कोयरी हळूहळू मोकळी झाली. पोटातलं बी तेवढं लेपाचं तसंच राहिलं, नीट, गोल.

पहिली पिशवी ज्ञानूनं छापली. सगळे वाकून बघत होते. देठ दांडीत असा मुरला की जोड शोधून सापडेना.

"पुढची," जोतिबा म्हणाले, आणि मग ते थांबलेच नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पिशव्या दोरीवरून काढून पाटाजवळ आणायचं काम स्वतःकडं घेतलं आणि दर पिशवीला फौजी आवाजात पुकारा सुरू केला, "पुढची! सरळ! थांब! ओढ!" बनाबाई पिशवी पाटावर बसवायची, ज्ञानू पट्टी ओढायचा, आसिया देठ दांडीत आहे का बघायची, सृष्टी छापलेली पिशवी अलगद दोन बोटांनी धरून दोरीला चिमटा लावायची. दुपारचं जेवण तिथंच झालं. बनाबाईनं भाकरी नि झुणका केला, सृष्टीनं जाऊन दही आणलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा चारशे बेचाळीस पिशव्या दुरुस्त झाल्या होत्या. सात बिघडल्या होत्या. त्यातल्या चार जोतिबांच्या 'ओढ'च्या घाईनं, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आणि एक तशीच शिल्लक होती, विनाकोयरीची. ज्ञानू ती पाटावर ठेवणार तेवढ्यात सृष्टीनं ओढून घेतली.

"ही माझी. ही अशीच पायजे मला. पुढं कवातरी रडू आलं तर काढून बघीन."

निघताना जोतिबांनी आसियाला बोलावलं. तिला वाटलं, आता बोलणी खायची वेळ आली. ते म्हणाले, "चूक झाली तर फोन कराय लय बळ लागतंय, पोरी. फौजेत मी लय जणांस्नी बघितलंय, न्हाई करत. रविवारी लग्नाला यायचं. वडलांस्नी घिऊन. मी गाडी धाडतो."

गाडी आली. आसिया नि याकूबभाई शिराळ्याकडं लग्नाला गेले. मांडवात दारापाशीच पिशव्या रचून ठेवलेल्या. आसिया एका खांबाआड उभी राहून लोकांकडं बघत होती. बायका पिशवी हातात घ्यायच्या, नाव वाचायच्या, कोयरीवर बोट फिरवायच्या. एका म्हातारबुवांनी आत काय आहे ते आधी बघितलं, मग नाव. नवरदेवानं स्वतः पिशवी बघितली आणि स्टेजवरच बायकोला काहीतरी विचारलं. ती जे काही म्हणाली त्यावर तो इतका हसला की फोटोवाल्याला फोटो पुन्हा घ्यावा लागला. याकूबभाईंनी दोन पिशव्या मागून घेतल्या. एक कात्र्या ठेवायला, दुसरी नुसतीच.

आष्ट्याला परत आल्यावर आसियानं एक नेम केला. फाइल पाठवायच्या आधी ती मागच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायची, ज्यावर एकही मराठी फॉन्ट नाही. तिथं अक्षर टिकलं तर सगळीकडं टिकणार. ज्ञानूनं तो जुना फॉन्ट काढून टाकला आणि ते सांगायला मुद्दाम फोन केला.

पंधरा दिवसांनी तिला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. वाईहून रेश्मा गाढवे नावाच्या बाई बोलत होत्या. त्यांचं कापडी पिशव्या शिवण्याचं काम, हाताखाली नऊ बायका. साताऱ्याहून वाईला येताना बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर त्यांना ती पिशवी दिसली होती. त्या बाईला विचारून, तिच्याकडून जोतिबांचा, जोतिबांकडून ज्ञानूचा आणि ज्ञानूकडून आसियाचा नंबर असा माग काढत त्या पोचल्या होत्या.

"ती कोयरी तुम्ही काढली ना? काय सुचलं हो तुम्हाला! नावालाच जोडून लोंबवलीय."

आसियानं एक क्षण विचार केला. मग म्हणाली, "खरं सांगू का, मॅडम? चूक लपवायला काढली." आणि तिनं सगळं सांगितलं, सष्टीपासून.

पलीकडून इतक्या जोरात हसणं आलं की तिनं फोन कानापासून लांब धरला. "मग आमच्यासाठी पण अशीच एखादी चूक करा," रेश्माताई म्हणाल्या. "कधी येताय वाईला?"

पुढच्या मंगळवारी आसिया पहाटेच्या बसनं निघाली. साताऱ्यात गाडी बदलली. आजवर काम तिच्याकडे यायचं; स्वतःच्या कामासाठी एवढ्या लांब ती पहिल्यांदाच चालली होती. बॅगेत लॅपटॉप, बटर पेपरची गुंडाळी, आणि अम्मीनं बांधून दिलेल्या चपात्या. वाईच्या घाटाकडं उतरणाऱ्या गल्लीत रेश्माताईंची शेड सापडली. आत मशीनांचा खडखडाट, बायकांच्या गप्पा, कापडाचे तागे. सगळ्यांनी काम थांबवून तिच्याकडं बघितलं. कुणीतरी म्हणालं, "हीच का ती कोयरीवाली?"

रेश्माताईंनी तिला खुर्ची दिली आणि कौतुकानं फोन पुढं केला. "हे बघा. माझ्या आजेसासूबाईंच्या लुगड्याचा काठ आहे. हाच पिशवीवर पाहिजे मला."

फोटो अंधुक होता. वाकडा काढलेला, वर ट्यूबलाइटची चकाकी, आणि कोपऱ्यात कुणाचं तरी बोट. आसियाला हसू आवरेना.

"लुगडं हाय का घरात?" तिनं विचारलं.

"आहे की. ट्रंकेत."

"मग तेच आणा. फोटो राहू द्या."

लुगडं आलं. तिनं ते खिडकीशी उजेडात पसरलं, काठावर बटर पेपर ठेवला, कडेला चार शिशाची वजनं ठेवली. शिवणाऱ्या बायका भोवती गोळा झाल्या. आसियानं पेन्सिल हातात घेतली, पुढं वाकली आणि पहिली रेघ ओढली.